हेलियमचा फुगा वर जातो, पण छायाचित्र मिळत नाही : या चुका टाळा

घराच्या गच्चीवर सरळ वर चढणारा फुगा मोकळ्या माळावर नेला की आडवा का पडतो, हा प्रश्न घरी फुगा तयार करून त्याला कॅमेरा टांगणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच खेपेला पडतो. मला तो सोलापूरजवळ लांबोटीच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या माळावर पडला. गच्चीवर, आजूबाजूच्या इमारतींच्या आडोशाला, फुग्याने कॅमेरा झोकात उचलला होता. माळावर मात्र पन्नास मीटर दोरी सोडली तरी तो उंच जाण्याऐवजी वाऱ्याच्या दिशेने झुकत गेला आणि थोड्याच वेळात कॅमेरा ज्वारीच्या कणसांना घासत फरफटू लागला. वायू कमी पडला नव्हता आणि फुगाही गळत नव्हता. चूक आदल्या रात्री कागदावर मांडलेल्या हिशेबातच होती.

वजनाचा हिशेब केला, वाऱ्याचा केला नाही

एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो, एवढे वाचून बहुतेक जण कामाला लागतात. हा आकडा ढोबळमानाने बरोबर असला तरी तो हवेच्या घनतेवर अवलंबून असतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडची हवा मुंबईच्या हवेपेक्षा मुळातच थोडी विरळ असते. जानेवारीच्या सकाळी १५ अंश तापमानाला येथे एक घनमीटर हेलियम जवळजवळ एक किलो उचलतो. मे महिन्यात दुपारी ४२ अंशांना तीच उचल सुमारे ९१५ ग्रॅमवर येते.

त्याहून मोठी चूक वाऱ्याची. कॅमेरा वर न्यायला पुरेल एवढी उचल असली म्हणजे झाले, असे आपण समजतो. प्रत्यक्षात सर्व वजने वजा जाता जी उचल शिल्लक राहते, तीच वाऱ्याशी झुंजते. फुग्याचे आवरण दर चौरस मीटरला ५० ग्रॅमचे, कॅमेरा आणि त्याचा पाळणा मिळून ४०० ग्रॅम, १०० मीटर दोरी १५० ग्रॅमची आणि वारा ताशी १८ किलोमीटरचा, म्हणजे झाडाच्या बारीक फांद्या हलवील एवढाच, असे धरू. १.२ मीटर व्यासाच्या फुग्यात ०.९ घनमीटर वायू मावतो आणि सगळी वजने वजा केल्यावर त्याच्याकडे जेमतेम १३० ग्रॅम उचल उरते, तर वारा त्याला सुमारे पाऊण किलोच्या जोराने आडवा ढकलतो. परिणामी १०० मीटर दोरी सोडूनही फुगा वीसेक मीटरच्या वर चढत नाही. १.५ मीटर व्यासाचा फुगा त्याच वाऱ्यात ६० ते ६५ मीटर उंची गाठतो आणि १.८ मीटरचा ८० मीटरपर्यंत जातो, कारण त्याच्याकडे दोन किलो उचल शिल्लक असते. व्यास दीडपट केला की घनफळ सव्वातीन पटींहून अधिक वाढते आणि वाऱ्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ मात्र सव्वादोन पटच होते, हे या सगळ्यामागचे गणित आहे. दीड किलोपेक्षा कमी उचल शिल्लक असेल तर मी आता फुगा सोडतच नाही. कॅमेरा हलका करण्याची खटपट करण्यापेक्षा फुगा एक माप मोठा घेणे केव्हाही परवडते.

उचल मोजायला महागडे साधन लागत नाही. एक लिटरच्या तीन बाटल्या पाण्याने भरून एकत्र बांधाव्यात, स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवून वजन नोंदवावे आणि मग भरलेला फुगा त्यांना बांधावा. काटा जेवढे कमी वजन दाखवील तेवढी फुग्याची उचल. आवरणाचे वजन यात आपोआप वजा होऊन येते. ही मोजणी बंद खोलीत, पंखा बंद करूनच करावी.

आवरण निवडण्यातील घोळ

बाजारात सहज मिळणाऱ्या जाड प्लॅस्टिकचा, म्हणजे पीव्हीसीचा, फुगा टिकाऊ वाटतो म्हणून अनेक जण तो निवडतात. ०.२ मिलिमीटर जाडीच्या पीव्हीसीचा एक चौरस मीटर सुमारे २६० ग्रॅम भरतो. १.५ मीटरच्या फुग्याला सात चौरस मीटर आवरण लागते, म्हणजे आवरणच एक किलो आठशे ग्रॅमचे झाले, आणि त्यात भरलेल्या हेलियमची उचल आहे पावणेदोन किलो. असा फुगा काहीही न टांगता जागेवरच बसून राहील.

दुसरी चूक चमकदार पटाची, म्हणजे पातळ फिल्मची. गिर्यारोहक जवळ बाळगतात ती पातळ चंदेरी चादर हलकी आणि स्वस्त असते, म्हणून तिच्या पाकळ्या कापून इस्त्रीने जोडण्याचा प्रयत्न होतो आणि जोड पुन्हा पुन्हा सुटतात. दोष इस्त्रीचा नसतो. त्या चादरीचे पॉलिएस्टर इस्त्रीच्या उष्णतेने वितळून एकमेकांना चिकटत नाही. त्यासाठी आतल्या बाजूला पॉलिथिनचा थर असलेला पटच घ्यावा लागतो. जोडताना पट आणि इस्त्री यांच्यामध्ये बटर पेपर ठेवावा आणि किती उष्णता पुरते ते आधी चार-पाच तुकड्यांवर आजमावून पाहावे. जोड एकसारखा आणि सपाट दिसला तर तो बसला. सुरकुत्या आणि पांढरट ठिपके दिसले तर तेथून वायू निसटणार हे नक्की.

गळती तपासायला हेलियम वापरणे म्हणजे चाळणीने दूध मोजणे आहे. भारतात हेलियम जवळजवळ पूर्णपणे बाहेरून येतो आणि त्याची किंमत त्या हिशेबाने मोजावी लागते. फुगा आधी साध्या हवेने भरावा, जोडांवर साबणाचे पाणी लावावे आणि रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी तो सैल पडला असेल तर हेलियम त्याहूनही लवकर बाहेर पडेल. रबरी फुगा वापरत असाल तर हातांना सुती मोजे घालावेत, कारण नखे आणि तेलकट बोटे पातळ ताणलेल्या रबराला चालत नाहीत. शिवाय ऊन लागलेले रबर दिवसागणिक कमकुवत होते, म्हणून मागच्या हंगामातला फुगा या हंगामात वापरू नये.

फुगा तट्ट फुगवण्याचा मोह आवरणे हेही त्यातच आले. पहाटे १५ अंशांना भरलेला वायू ऊन चढून ३५ अंशांपर्यंत तापला तर त्याला सात टक्के अधिक जागा लागते. ताणले न जाणाऱ्या पटाच्या फुग्यात ही जागा नसेल तर जोड उसवतो. पटाच्या फुग्यात थोडा ढिलेपणा ठेवावा, तो वर जाताना चुरगळलेला दिसला तरी हरकत नाही.

वायूच्या बाबतीत काटकसर नको

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत फुगे विकणाऱ्यांकडे जो वायू असतो तो दर वेळी हेलियमच असतो असे नाही. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमच्या भुग्यापासून जागेवरच हायड्रोजन तयार करण्याची पद्धत आपल्या देशात जुनी आहे आणि ती अत्यंत धोकादायक आहे. हायड्रोजनची उचल हेलियमपेक्षा आठ टक्क्यांच्या आसपासच अधिक असते, आणि तेवढ्यासाठी बॅटरी लावलेला कॅमेरा ज्वालाग्राही पिशवीखाली टांगण्यात कसलेही शहाणपण नाही. सिलिंडर औद्योगिक वायूच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा, त्यावरील लेबल वाचावे, आणि आटे पाहावेत : हायड्रोजनच्या सिलिंडरचे आटे उलटे असतात, हेलियमचे सरळ. पार्टीच्या फुग्यांसाठी मिळणाऱ्या लहान टाक्यांमध्ये हेलियमसोबत हवा मिसळलेली असू शकते. २० टक्के हवा असेल तर उचलही २० टक्क्यांनी घटते, आणि मग सगळा हिशेब बरोबर मांडूनही फुगा का उठत नाही हे कळत नाही. सिलिंडर दुचाकीवर पुढे आडवा ठेवून नेऊ नये, हे सांगावे लागू नये. पण आपल्याकडे ते दृश्य नवे नाही.

वायूने छायाचित्रकाराला छळण्याची परंपराही तशी जुनीच आहे. १८५८ साली पॅरिसजवळ फ्रेंच छायाचित्रकार नादार यांनी दोरीने जमिनीला बांधलेल्या फुग्यातून पहिले हवाई छायाचित्र घेतले, त्याआधीच्या त्यांच्या काचपट्ट्या वारंवार काळवंडत होत्या. फुग्याच्या उघड्या तोंडातून निसटणारा वायू ओल्या पट्ट्यांवरील रसायन बिघडवत होता. तोंड बंद ठेवल्यावर चित्र उमटले.

दोरी : पीळ, तार आणि शेवटचे टोक

माझ्या पहिल्या छायाचित्रांमध्ये एकच शेत प्रत्येक चौकटीत वेगळ्या कोनात फिरलेले होते. मी कॅमेऱ्याच्या पाळण्याला दोष देत होतो. यंत्रमागावर पस्तीस वर्षे काढलेले माझे मामा माळावर सोबत होते, त्यांनी दोरी हातात घेतली, दोन बोटांच्या चिमटीत धरून ताणली आणि म्हणाले, “अरे, हिचा पीळ उलगडतोय. ताण आला की पिळाचं सूत फिरणारच.” त्यांनी दोरीच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा टांगून दाखवला, आणि तो खरोखरच सावकाश गिरक्या घेऊ लागला. तीन पदरी पिळाची दोरी घेऊ नये; वेणीसारखी गुंफलेली नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची दीड मिलिमीटर जाडीची दोरी घ्यावी. गाठ मारलेल्या जागी दोरीची ताकद बरीच घटते, कधी निम्म्यावरही येते, म्हणून अपेक्षित ताणाच्या किमान दहापट सोसणारी दोरी असावी.

मांजा वापरण्याचा विचारही करू नये. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे, आणि तो पक्ष्यांइतकाच आपल्या बोटांनाही कापतो. धातूची तार वा चंदेरी पटाचा फुगा विजेच्या तारांजवळ नेणे तर जिवावर बेतू शकते. दोरी जितकी लांब सोडायची असेल त्याच्या दीडपट अंतरापर्यंत चारही बाजूंना विजेची तार नसावी.

आता जे सांगतो ते सांगताना आजही संकोच वाटतो. दुसऱ्या खेपेला मी नव्या दोरीचे बंडल फिरकीवर गुंडाळले आणि आतले टोक फिरकीच्या दांड्याला बांधायचे राहून गेले. शेवटचा वेढा सुटला तेव्हा हाताला झटका बसण्याऐवजी एकदम सैल वाटले, एवढेच. दोरीचे टोक माझ्यापासून चार हातांवर जमिनीवरून सरपटत गेले, एकदा बोटांना लागलेही, आणि मग उचलले गेले. फुगा, कॅमेरा, दोरी, काहीच परत मिळाले नाही. आता फिरकीचे टोक आधी दांड्याला आणि दांडा वाळूच्या पोत्याला बांधल्याशिवाय सिलिंडरची चावी उघडत नाही. दोरी हाताला गुंडाळून धरू नये, चामडी हातमोजे घालावेत, आणि फुगा निसटलाच तर लाजेखातर गप्प न राहता जवळच्या विमानतळाला व पोलिसांना लगेच कळवावे.

पाळणा आणि कॅमेरा

कॅमेरा थेट फुग्याच्या तोंडाला बांधला की फुग्याचा प्रत्येक हेलकावा चित्रात उतरतो. फुग्याच्या तीन-चार मीटर खाली, दोरीवर दोन ठिकाणी बांधलेल्या पाळण्यात तो ठेवावा. फ्रान्सच्या पिएर पिकाव्हे यांनी १९१२ साली पतंगाला कॅमेरा टांगण्यासाठी योजलेली फुलीच्या आकाराची टांगणी यासाठी अजूनही उत्तम आहे. फुलीच्या चारही टोकांतून एकच सलग दोरी फिरत असल्याने ती कशीही झुकली तरी कॅमेरा सपाट राहतो. शटर एक हजारांश सेकंदाचे ठेवावे, दर तीन ते पाच सेकंदांनी आपोआप चित्र निघेल अशी सोय करावी, फोकस अनंतावर पक्का करावा आणि मोबाइल असेल तर तो विमान स्थितीत (एअरप्लेन मोडवर) टाकावा, कारण वर गेल्यावर आलेला एखादा फोन सगळी मालिका तोडतो. साध्या मोबाइलच्या मुख्य भिंगातून १०० मीटरवरून सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो; विहिरीचा काठ, ठिबकच्या नळ्यांच्या ओळी, पिकातली पिवळी पडलेली ठिगळे त्यात स्पष्ट ओळखता येतात.

जागा आणि वेळ

सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून २०२५ पासून प्रवासी विमाने पुन्हा ये-जा करू लागली आहेत, आणि विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ साली कशी पाडली गेली हे शहराने पाहिले आहे. शहरात फुगा सोडणे हा म्हणूनच गच्चीवरचा खेळ नव्हे. १९३४च्या विमान अधिनियमातील ‘विमान’ या व्याख्येतच बांधलेले व सुटे फुगे येत होते. त्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. विमानतळापासून दूर जावे आणि तेथेही स्थानिक पोलीस व प्रशासनाची लेखी परवानगी आधी घ्यावी. भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे आणि नान्नजचे माळरान माळढोकचे अभयारण्य. या दोन्ही ठिकाणी हौसेखातर जाऊ नये.

हंगाम डिसेंबर-जानेवारीचा आणि वेळ सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास. पावसाळ्यात वारा थांबत नाही आणि उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर वावटळी उठतात.

उतरवताना फिरकीने ओढून घेण्याची घाई केली तर ताणाखाली गुंडाळलेली दोरी आतल्या वेढ्यांत रुतते आणि पुढच्या वेळी मध्येच अडकते. एकाने फिरकी पोत्याला बांधून तेथेच थांबावे, दुसऱ्याने दोरीवर मोठी कप्पी अडकवून ती कमरेच्या उंचीवर धरावी आणि फुग्याच्या दिशेने चालत जावे. दोरी जमिनीलगत मागे पसरत राहते आणि फुगा त्याच्याकडे खाली येतो. मामा कप्पी धरून चालले तेव्हा शंभर मीटर दोरी पाच मिनिटांत खाली आली, आणि ती फिरकीवर नीट गुंडाळायला आम्हां दोघांना पाऊण तास लागला.