फिलिप आयलंडची सहल: या चुका टाळा

मेलबर्नहून फिलिप आयलंड साधारण १४० किलोमीटर, गाडीने दोन तास. कांगारू, कोआला, सील आणि पेंग्विन असे चौघेही एका दिवसात बघून होतात, पण त्यांच्या वेळेने. आपल्या वेळेने बघायला गेलं की घोळ होतो.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे भारतातून आई-बाबा आले की जानेवारीत पेंग्विन परेड, म्हणजे अंधार पडताना समुद्रातून बिळांकडे परतणारे पेंग्विन बघणं. तेव्हा सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि पेंग्विन त्यानंतर पाण्याबाहेर येतात. पुढचं दृश्य दर उन्हाळ्यात तेच. सकाळी आठला निघालेली मंडळी दमून समरलँड बीचवर पोचतात. ‘उन्हाळाच तर आहे’ म्हणून आजी सुती साडीत, पायात चपला. समोरून बास सामुद्रधुनीचा वारा, बुडाखाली गारढोण काँक्रीटची पायरी. साडेआठला धाकटा झोपतो, नऊला आजोबा ‘निघू या का?’ सुरू करतात. वाळूवर पहिले दहा-बारा पेंग्विन दिसले की सगळे उठून थेट पार्किंगकडे. घरी पोचायला मध्यरात्र होते ती होतेच.

बरं, खरी गंमत तेव्हा कुठे सुरू झालेली असते! हा पेंग्विन ३३ सेंटिमीटर उंचीचा, किलोभर वजनाचा, त्यामुळे पायऱ्यांवरून ठिपक्यांची रांग दिसते, एवढंच. जवळून बघायचा असेल तर मागच्या बोर्डवॉकवर, म्हणजे फळ्यांच्या पाऊलवाटेवर जायचं. तिथे ते अगदी कडेने डुलत चढतात, मध्येच थांबून दम खातात आणि बिळाशी पोचले की एवढ्याशा जिवाच्या मानाने भलताच आरडाओरडा करतात. पायऱ्यांवर अर्धा तास पुरे, पुढचा अर्धा तास बोर्डवॉकला द्या. प्रत्येकाला कानटोपी, जाड जाकीट, बसायला घडीची चादर आणि थर्मासभर चहा, हे जानेवारीतसुद्धा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर सरळ जून-जुलैत जा. सूर्यास्त सव्वापाचच्या आसपास होतो. पेंग्विन थोडे कमी दिसतील, पण नऊपर्यंत घरी. तिकीट आधी काढा, सूर्यास्ताच्या तासभर आधी आत असा.

दुसरा वैताग मोबाइलचा. परेडच्या वेळी फोटो आणि व्हिडिओ दोन्हींना बंदी आहे. ‘फ्लॅश बंद आहे हो’ हा युक्तिवाद तिथल्या रेंजरने हजारदा ऐकलेला असतो. अंधारात घोळका करून आलेला पेंग्विन उजेडाने बिचकला की अख्खा घोळका परत पाण्यात जातो. दोनशे माणसं ताटकळतात, ती एका स्टेटससाठी. फोन खिशात नको, पिशवीच्या तळाशी ठेवा.

बेटाच्या पश्चिम टोकाला, नॉबीजला, सील बघायला दुर्बिणीशिवाय जाऊ नका. सील रॉक्स किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटर आत आहेत. नुसत्या डोळ्यांना खडकच दिसतो. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण असली की तेच अंतर दीडशे मीटरसारखं वाटतं. आणि हे संध्याकाळवर टाकू नका. सूर्यास्ताच्या तासभर आधी तो भाग बंद होतो.

कोआला मांडीवर घेऊन फोटो? व्हिक्टोरिया राज्यात ते चालत नाही, विचारूही नका. कोआला दिवसातले वीसेक तास झोपतो, म्हणून पानांत शोधू नका, फांद्यांच्या बेचक्यात करड्या गोळ्यासारखं काही दिसतं का बघा.

वाटेत ग्रँटव्हिलच्या किंवा पिअर्सडेलच्या प्राणी उद्यानात कांगारूंना खाऊ घालता येतं, पण तिथे मिळणारंच. डब्यातली पोळी किंवा ब्रेड नको. मऊ अन्न दातांत अडकून हिरड्या सडतात, जबडा सुजतो आणि जनावर त्यात मरूही शकतं. तळहात सपाट, छातीच्या खाली धरायचा. डोक्यावरून हात फिरवायला गेलात की ते बिचकतं.

ओहोटीच्या डबक्यांत बोट घालायचं नाही, शिंपला उचलायचा नाही. निळ्या कड्यांचा ऑक्टोपस लिंबाएवढा असतो, कडी चिडल्यावरच उठून दिसतात आणि चावलेलं कळतही नाही. विषावर उतारा नाही. चावलाच तर ताबडतोब ००० या आपत्कालीन नंबरला फोन, घट्ट पट्टी, आणि श्वास थांबला तर मदत येईपर्यंत कृत्रिम श्वास.

परतताना वेग कमी ठेवा, अंधारात वॉलबी (कांगारूसारखाच, पण लहान प्राणी) रस्त्यावर येतात. त्याआधी पार्किंगमध्ये इंजिन सुरू करण्यापूर्वी वाकून चारही चाकांमागे बघा. पेंग्विन गाडीखाली जाऊन बसतात.