इंग्रजी कविता शिकवताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवतो. आमच्या मुलांची घरात मराठी, बसस्टँडवर आणि कचेरीत कानडी. इंग्रजी फक्त तासाला. इंग्रजी कविता त्यांच्या कानावर पडते ती शिक्षकाच्याच तोंडून. म्हणून तास कुठे बिघडतो, हे आपणच नीट बघायला हवं.

आधी अर्थ सांगून मोकळं होणं

सर्रास होणारी आणि सगळ्यात नुकसान करणारी चूक हीच. एक ओळ वाचायची, तिचं मराठी सांगायचं, शेवटी फळ्यावर सारांश लिहून द्यायचा. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. मुलं सारांश पाठ करतात, मार्कही पडतात, पण कविता त्यांनी वाचलेलीच नसते.

आता मी पुस्तकं मिटायला सांगतो आणि कविता दोनदा मोठ्याने वाचतो. मग एवढंच विचारतो: काय दिसलं? काय ऐकू आलं? उत्तर मराठीत चालतं, कानडीतही चालतं. मागच्या बाकावरून "सर, कोणतरी रडायलंय" एवढं आलं तरी मला पुरतं. कोण रडतंय, कशावरून कळलं, हे शोधायला मुलं आपणहून पुस्तक उघडतात. ज्यांच्यावाचून अडतं असे तीन-चार शब्द तेव्हा सांगायचे, बाकीचे राहू द्यायचे.

अक्षरं मोजणं

आपला मोठा अभंग अक्षरांवर चालतो: सहा, सहा, सहा, चार. वृत्तात लघु-गुरू बघतो. इंग्रजी कवितेची चाल मात्र जोरावर असते. एकच स्पेलिंग, पण नाम असलं की 'रेकॉर्ड', जोर पहिल्या भागावर. क्रियापद झालं की 'रिकॉर्ड', जोर दुसऱ्यावर. हे न सांगता कविता म्हणायला लावली की मुलं सगळे शब्द एका वजनाने म्हणतात आणि चाल हरवते. इंग्रजी बॅलडमध्ये, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या गाण्यात, साधारण एका ओळीत चार ठोके, पुढच्या ओळीत तीन. वर्गात भजनाला टाळ धरणारी दोन-तीन पोरं असतातच. त्यांना बाक वाजवू द्या. चार-तीन, चार-तीन त्यांच्या हाताला लगेच सापडतं आणि मग सगळा वर्ग त्या ठोक्यावर म्हणू लागतो. दहावीला पाठांतराच्या ओळी असतात, त्याही अशाने न रडता पाठ होतात.

ओळ संपली की थांबायची सवयही मोडावी लागते. स्वल्पविराम किंवा पूर्णविराम नसेल तर वाक्य पुढच्या ओळीत चालूच असतं.

यमक डोळ्यांनी शोधणं

देवनागरी आपण लिहितो तशीच वाचतो, म्हणून मुलं स्पेलिंग बघून यमक ठरवतात. 'कॉफ' आणि 'थ्रू' या दोन्हींच्या शेवटी तीच चार अक्षरं (ough), पण यमक नाही. 'ब्लू' आणि 'थ्रू'चं स्पेलिंग जुळत नाही, पण यमक पक्कं. डोळे मिटून ऐका, एवढंच सांगायचं.

डॅफोडिलसारखं न पाहिलेलं फूल कवितेत आलं तर फोटो नंतर दाखवा. आधी विचारा, भाद्रपदात तेरड्याने भरलेला माळ कुणी कुणी बघितलाय?

'निसर्ग' हा विषय देऊन कविता लिहायला लावणं

मग तीस वह्यांत तीस 'ब्यूटिफुल मून' येतात. दोष मुलांचा नाही, विषयाचा आहे. यमकाची सक्ती केली तर 'मून'मागून 'सून' येतो, अर्थ असो नसो. मी आता तीनच अटी घालतो: आज सकाळी स्वतः बघितलेली एकच गोष्ट लिहायची, यमक नको, 'ब्यूटिफुल' नको. शब्द अडला तर मराठी किंवा कानडी ठेवायचा. भाकरी भाकरीच राहू दे.

"सर, ही आपली भाषा नव्हं," असं मुलं म्हणतात. त्यांना मी धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांचं सांगतो. घरात मराठी, कविता कानडीत, आणि १९७३ चं ज्ञानपीठ. हे ऐकल्यावर वर्ग जरा सरसावून बसतो.

आणि लाल पेन आधी उचलू नका. मागच्या थंडीत आठवीतल्या एका मुलाने पहाटेच्या गाडीवर तीन ओळी लिहिल्या: 'फर्स्ट द ट्रीज गेट लाइट. देन साउंड कम. देन बस.' जंगलातल्या वळणावर धुक्यात गाडीची वाट बघत जो उभा राहिलाय, त्यालाच हा क्रम माहीत. 'कम'ला 'एस' लावायचा राहिला होता. मी त्या ओळी होत्या तशाच वर्गात वाचून दाखवल्या. 'एस' आम्ही दुसऱ्या दिवशी लावला.