ज्येष्ठ कामगारांवरचं संशोधन वाचताना ‘वय’ हा रकाना उघडून बघा

मी जालन्यात मानसशास्त्र शिकवते. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प माझ्याकडं येतात. गावात स्टीलच्या मिल, बियाण्यांच्या कंपन्या, एसटीचं आगार असल्यानं ‘तरुण व ज्येष्ठ कर्मचाऱ्यांचा तुलनात्मक अभ्यास’ हा विषय दर वर्षी कुणी ना कुणी घेतंच. हे टिपण त्या मुलांसाठी आहे. शिकून कारखान्यांच्या कार्मिक विभागात लागलेल्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी तर त्याहून जास्त आहे, कारण संशोधनातलं एक वाक्य कुणाच्या तरी पोटावर पाय देऊ शकतं. एका कारखान्यात नव्या मशीनच्या ट्रेनिंगच्या यादीतून पन्नाशीपुढचे सगळे ऑपरेटर वगळलेले मी पाहिले आहेत. आधार म्हणून दाखवलं होतं ते एका परदेशी पेपरच्या सारांशातलं एक वाक्य.

तेव्हा पहिली सवय ही लावा, की सारांश शेवटी वाचायचा. आधी पद्धतीचा भाग काढायचा आणि कोण मोजलं, कधी मोजलं, कशानं मोजलं हे एका कागदावर स्वतःच्या मराठीत लिहायचं. लिहिता आलं नाही तर एकतर पेपरात ते नाही, नाहीतर आपल्याला समजलेलं नाही. दोन्ही वेळा पुढं जायचं नाही.

मग बघा, ‘ज्येष्ठ’ म्हणजे किती वर्षांचा. अमेरिकेत वयावरून नोकरीत भेदभाव करायला मनाई करणारा 1967 चा कायदा 40 वर्षांपासून लागू होतो, त्यामुळं तिथल्या पुष्कळ अभ्यासांत चाळिशी ओलांडली की माणूस ज्येष्ठ गटात जातो. महाराष्ट्र सरकारचा कारकून 58 व्या वर्षी निवृत्त होतो, शिपाई 60 व्या. बीडच्या ऊसतोड टोळीत पन्नाशीची बाई म्हातारी धरतात, आणि विद्यापीठात त्याच वयाच्या बाईंची प्राध्यापकपदाची मुलाखत होत असते. एकच आकडा, पण कामानुसार त्याचा अर्थ फिरतो. पेपरात वयोगटाची रेघ 45 वर ओढली असेल तर ती तिथंच का ओढली याचं कारण शोधा. कारण दिलेलं नसेल तर रेघ सरकवून पाहिली असावी आणि निकाल जिथं चांगला दिसला तिथं थांबवली असावी, ही शंका मनात ठेवा. वय वर्षांत मोजता येत असताना त्याचे दोन-तीन गट पाडणं म्हणजे हातची माहिती टाकून देणं आहे.

आपल्याकडं तर वयाचा आकडाच आधी तपासावा लागतो. पन्नाशीपुढच्या माणसांचे शाळा सोडल्याचे दाखले काढून बघा, 1 जून ही जन्मतारीख किती जणांची निघते ते. जूनमध्ये शाळा भरायची, गुरुजी अंदाजानं तारीख टाकायचे. जे शाळेतच गेले नाहीत ते वय सांगताना 50, 55, 60 असंच सांगतात. 0 आणि 5 वर वयं गोळा होणं जनगणनेतही दिसतं आणि ते मोजायची रीतसर पद्धत आहे. म्हणून मी मुलांना सांगते, नुसतं ‘मामा, वय किती?’ विचारून थांबू नका. ‘बहात्तरच्या दुष्काळात केवढे होता? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा थोरलं लेकरू कितवीत होतं?’ असं विचारा. दुष्काळ 1972 चा, भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, त्यावरून वय बरंच जवळ येतं. हा खटाटोप कशासाठी, तर वयात अशी इकडंतिकडं चूक असली की वय आणि कामगिरी यांचा सहसंबंध बहुधा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. ‘वयाचा काही संबंध आढळला नाही’ हा आपल्या आवडीचा निकालसुद्धा कधी कधी नुसत्या कच्च्या मोजमापातून येतो.

आता मुख्य गोष्ट. तक्त्यात ‘वय’ लिहिलेलं असतं, पण त्या रकान्यात वयाच्या जागी दुसरं काय काय भरलेलं आहे?

आज साठीच्या आसपास असलेला मराठवाड्यातला कामगार 1960 च्या दशकात जन्मला. त्याचं बालपण दुष्काळाच्या सावटात गेलं आणि सातवीनंतर शाळेसाठी दुसऱ्या गावी जावं लागलं. त्याच्या शेजारी बसवलेला 25 वर्षांचा मुलगा आयटीआय करून आलेला, हातात मोबाइल घेऊनच वाढलेला. दोघांना संगणकावर कसोटी दिली आणि गुणांत फरक पडला. तो फरक वयाचा, शिक्षणाचा, लहानपणच्या खाण्याचा की पडद्याच्या सवयीचा? एकाच वेळी वेगवेगळ्या वयाची माणसं मोजणाऱ्या अभ्यासातून हे सुटं करता येत नाही. त्याला आडवा छेद म्हणतात, आणि तुमच्या हातात पडणारे बहुतेक पेपर तसेच असतात. के. वॉर्नर शाय यांनी 1956 मध्ये सिएटलमध्ये एक अभ्यास सुरू केला, त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासत गेले. आडव्या छेदात बऱ्याच बौद्धिक क्षमता लवकरच उतरताना दिसत होत्या. त्याच माणसांचा पाठपुरावा केल्यावर त्यातल्या बहुतेकींची ठळक घसरण साठीच्या आसपासपर्यंत दिसली नाही. मधला फरक पिढ्यांचा होता.

पण त्याच माणसांना पुन्हा पुन्हा मोजणारा, म्हणजे उभा, अभ्यास म्हटला की डोळे झाकून विश्वास ठेवायचा असंही नाही. दर फेरीला काही माणसं गळतात, आणि गळणारी बहुधा आजारी किंवा कमी गुण मिळालेली असतात. राहिलेल्यांना तीच कसोटी सरावाची होते. दोन्हीमुळं चित्र खऱ्यापेक्षा बरं दिसतं. म्हणून पहिल्या फेरीत किती होते आणि शेवटच्या फेरीत किती उरले, हे दोन आकडे शोधाच. भारतात ‘लासी’ हा वृद्धत्वाचा राष्ट्रीय पाठपुरावा अभ्यास आहे. मुंबईची लोकसंख्या विज्ञान संस्था त्यात प्रमुख आहे, आणि 2017-18 च्या पहिल्या फेरीत 45 वर्षांपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून 72,000 हून अधिक लोकांची माहिती घेतली गेली. सामग्री उत्तम आहे. तरी फक्त ही पहिली फेरी वापरून कुणी ‘वय वाढलं की असं होतं’ लिहिलं असेल, तर नावात पाठपुरावा असूनही तो आडवा छेदच समजायचा.

गळतीचा प्रश्न कारखान्याच्या दाराबाहेरही असतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका विद्यार्थिनीनं ऊसतोड कामगारांच्या वय आणि ताणाच्या अभ्यासाचा आराखडा आणला. साखर कारखान्याच्या तळावर जाऊन प्रश्नावली भरून घ्यायची, असं ठरवलं होतं. मी तिला विचारलं, ‘टोळीत साठीचे किती भेटतील?’ ती स्वतः वडवणीकडची, वडील टोळीचे मुकादम. म्हणाली, ‘थोडेच, मॅडम. कंबर गेली की माणूस गावाकडंच राहतो, लेकरं आणि जनावरं सांभाळतो.’ म्हणजे तळावर भेटणारा साठीचा माणूस हा त्या वयाचा नमुना नव्हे, तो टिकून राहिलेला माणूस. त्याला पाठदुखी कमी, ताण कमी, समाधान जास्त असं निघालं, तर ‘ज्येष्ठ कामगार अधिक समाधानी’ असा मथळा देता येईल, आणि ज्यांच्या शरीरानं हात टेकले त्यांचा त्या तक्त्यात मागमूसही नसेल. तिनं आराखडा बदलला, गावात राहिलेल्यांनाही घेतलं. तुम्ही पेपर वाचताना हाच प्रश्न विचारा: जे काम सोडून गेले ते कुठं आहेत? नोकरीत असलेल्यांचाच अभ्यास असेल तर लेखकांनी हा मुद्दा मर्यादांमध्ये तरी लिहिलाय का?

हेच थोड्या वेगळ्या रूपात स्टील मिलमध्ये दिसतं. भट्टीपाशी तरुण पोरं, आणि पंचावन्नचा माणूस वजनकाट्यावर किंवा गेटवर. तिथं वयोगटांची तुलना केली की खरं तर कामांची तुलना होते. नोकरीची वर्षं आणि वय हेही असेच एकमेकांत गुंतलेले असतात.

मग ‘कामगिरी’ कशानं मोजली ते पाहा. वॉल्डमन आणि अव्होलिओ यांनी 1986 मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. प्रत्यक्ष उत्पादन मोजलं तिथं वयाबरोबर कामगिरी वाढलेली दिसली. साहेबांनी दिलेले गुण घेतले तिथं थोडी उतरलेली दिसली. म्हणून पर्यवेक्षकाच्या गुणांवर उभा असलेला पेपर असेल तर मी समासात ‘साहेबाचं मत’ असं लिहून ठेवते. स्वतःबद्दल भरून घेतलेली प्रश्नावली असेल तर ती कुणासमोर भरली ते बघा. सुपरवायझरच्या केबिनमध्ये बसून, दोन वर्षांनी निवृत्त होणारा माणूस ‘मला नवीन तंत्र शिकायला आवडतं’ या विधानापुढं ‘पूर्ण सहमत’वरच खूण करणार.

प्रयोगशाळेतली कसोटी आणि प्रत्यक्ष काम यांतही अंतर असतं. टिमोथी सॉल्टहाउस यांचा 1984 चा टंकलेखकांवरचा अभ्यास मी दर वर्षी शिकवते. 19 ते 72 वयाचे टंकलेखक घेतले होते. नुसता प्रतिसादाचा वेग मोजला तर वयस्कर मंद निघाले. टायपिंगचा वेग मात्र वयानं घटलेला नव्हता, कारण वयस्कर टंकलेखक मजकुरात पुढची जास्त अक्षरं आधीच वाचून ठेवत होते. प्रतिसादाच्या कसोटीवर थांबले असते तर निष्कर्ष उलटा गेला असता. जर्मनीत एका ट्रक जोडणीच्या कारखान्यात ब्यॉर्श-झूपान आणि वाइस यांनी प्रत्यक्ष चुका मोजल्या, त्यातही साठीपर्यंत उत्पादकता घसरलेली आढळली नाही. वयस्करांकडून गंभीर चुका कमी होत होत्या. असा अभ्यास आपल्याकडं वाळूजला व्हावा असं मला मनापासून वाटतं.

आकड्यांकडं या. आपल्या विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ठरलेला साचा म्हणजे 30 तरुण, 30 ज्येष्ठ, दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारं टी-मूल्य आणि ‘0.05 पातळीवर सार्थक’, म्हणजे खरा फरक नसता तर एवढा फरक नुसत्या योगायोगानं शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसला असता. प्रत्येक गटात 30 माणसं असतील आणि खरा फरक अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (प्रमाण विचलन म्हणजे माणसांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप), म्हणजे मध्यम, असेल तरी तो सापडण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच असते. फरक 0.2 प्रमाण विचलनाएवढा असेल तर जेमतेम 12 टक्के. त्यामुळं इतक्या लहान नमुन्यात ‘फरक नाही’ निघालं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. उलट प्रश्नावलीच्या 20 उपघटकांवर 20 चाचण्या लावल्या, तर कुठंच फरक नसतानाही सरासरी एक सार्थक निघते, आणि शीर्षकात तीच येते.

फरक खरा असला तरी केवढा आहे ते विचारा. तरुणांची सरासरी 0.2 प्रमाण विचलनानं वर असेल, तर एक तरुण आणि एक ज्येष्ठ अशा कुठल्याही 100 जोड्या घ्या. साधारण 56 वेळा तरुण पुढं असेल, 44 वेळा ज्येष्ठ. मोठ्या नमुन्यात हा फरक दणदणीत सार्थक ठरतो. पण समोर उभ्या असलेल्या एका माणसाबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि ट्रेनिंगच्या यादीतून नाव काढताना समोर एक माणूसच असतो.

एकट्या गाजलेल्या प्रयोगावर भिस्त ठेवू नका. 1996 मध्ये जॉन बार्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की म्हातारपणाशी जोडलेले शब्द वाचलेले विद्यार्थी नंतर व्हरांड्यातून हळू चालले. पाठ्यपुस्तकांतून तो अनेक वर्षं शिकवला गेला. 2012 मध्ये ब्रुसेल्सला दोयेन आणि सहकाऱ्यांनी वेळ इन्फ्रारेड किरणांनी मोजली तर परिणाम मिळाला नाही. प्रयोग घेणाऱ्यांनाच ‘हे लोक हळू चालतील’ असं आधी सांगून ठेवलं, तेव्हा तो दिसला. म्हणून मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातला ते माहीत होतं का, हे पद्धतीच्या भागात शोधायचं.

बरेच अभ्यास एकत्र करणारे आढावे जास्त भरवशाचे, पण तेही पूर्ण वाचा. इंग आणि फेल्डमन यांनी 2012 मध्ये 418 अभ्यास एकत्र करून ज्येष्ठ कामगारांबद्दलचे सहा समज तपासले: काम करायची ओढ कमी, बदलाला विरोध, विश्वास कमी, तब्येत कमकुवत, घर आणि नोकरीची ओढाताण जास्त, आणि प्रशिक्षणात रस कमी. टिकला तो फक्त शेवटचा, आणि तोही सौम्य प्रमाणात. हा निकाल मला आवडो न आवडो, लपवायचा नाही. पण तो काय सांगतो? ज्येष्ठ कामगार प्रशिक्षणाकडं कमी वळतात, एवढंच. त्यांना येत नाही, असं तो सांगत नाही. ज्याचं नाव गेली अनेक वर्षं यादीत घेतलंच नाही, त्याचा रस कशानं टिकेल? कारण आणि परिणाम इथं दोन्ही दिशांनी जाऊ शकतात. शिवाय त्यातले बहुतेक अभ्यास मराठवाड्यातल्या कामगारासारख्या माणसांवर झालेले नाहीत, हेही लक्षात असू द्या.

हे सगळं करून झालं की मग सारांश वाचा, आणि पेपरचा निष्कर्ष स्वतःच्या एका वाक्यात पुन्हा लिहा. कोण, कधी, कुठलं काम, कशानं मोजलं, फरक केवढा, हे सगळं त्या वाक्यात आलं पाहिजे. सुरुवातीला सांगितलेल्या पेपरात लिहिलं होतं, ‘पन्नाशीनंतर शिकण्याची क्षमता घटते.’ पद्धतीचा भाग वाचून माझ्या विद्यार्थ्यांनी ते असं लिहिलं: ‘एका परदेशी शहरातल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांना एकदाच, वेळेची मर्यादा घालून, नवं सॉफ्टवेअर शिकवलं, पन्नाशीपुढच्या गटाला सरासरी थोडे कमी गुण मिळाले, शिक्षण आणि संगणकाची आधीची सवय विचारात घेतलेली नाही.’ त्यातला एकजण आता त्याच कारखान्यात आहे. त्यानं हे वाक्य टाइप करून साहेबांपुढं ठेवलं आणि सोबत मागणी जोडली की पन्नाशीपुढच्यांना यादीत घ्या, शिकायला आपापल्या गतीनं वेळ द्या आणि परीक्षा मशीनवरच घ्या.