डब्यातला ध्रुवीय समुद्र: मुलांना सागरी बर्फ कसा समजवायचा

लालबागला मी सातवी-आठवीच्या शिकवण्या घेते. ध्रुवांवरचा बर्फ कमी होतोय म्हटलं की पोरांचा प्रश्न ठरलेला: "बाई, मग मुंबई बुडणार?" याचा निकाल आधी लावा, नाहीतर अस्वल-पेंग्विनांकडे कुणी लक्ष देत नाही. ग्लासात बर्फाचे खडे टाकून पाणी भरा, पातळीवर पेनाने रेघ मारा आणि बर्फ वितळू द्या. पाणी रेघेलाच राहतं. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला तरी पातळी जवळपास वाढत नाही. ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ समुद्रात आला की वाढते. मुंबईने धास्ती घ्यायची ती त्याची. तरंगता बर्फ गेला की कुणाचं काय जातं, त्यासाठी फ्रीझर लागतो.

लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवा. समुद्र साधारण तेवढाच खारट असतो. प्लास्टिकच्या डब्यात ओता, डब्याचं बूड आणि बाजू जुन्या टॉवेलात गुंडाळा, झाकण लावू नका. म्हणजे पाणी समुद्रासारखं वरून गोठायला लागतं. (सुरमईच्या पिशव्या आधी बाजूला करा, घरातल्यांची बोलणी वाचतील.) हे सकाळी करा, कारण डबा पूर्ण गोठू द्यायचा नाहीये. अधूनमधून डोकावत राहा आणि वर बोटभर थर धरला की काढा.

थराचा तुकडा तोडून नळाखाली झटकन धुवा आणि मुलांना चाखायला द्या. मग खालच्या पाण्याचा थेंब. पाणी जास्त खारट लागतं, पोरं तोंडं वाकडी करतात. पाणी गोठताना मीठ बाहेर ढकलतं, आणि थोडं खारं पाणी बर्फातच बारीक नळ्यांमध्ये अडकून राहतं. तुकडा ट्यूबलाइटसमोर धरा: दुधी दिसतो, नुसत्या पाण्याच्या बर्फापेक्षा मऊ असतो, नखाने खरवडला तर भुगा पडतो.

ध्रुवांजवळ याच नळ्यांत आणि बर्फाच्या तळाला शेवाळ वाढतं. उत्तरेला ते बारीक कवचधारी जीव खातात, त्यांना आर्क्टिक कॉड मासा, कॉडला रिंग्ड सील आणि सीलला ध्रुवीय अस्वल. दक्षिणेला क्रिलची (कोळंबीसारखा छोटा जीव) पिल्लं हिवाळ्यात हेच शेवाळ खरवडून जगतात. बर्फाची खालची बाजू म्हणजे तिथलं शेतच. इथे घाई करू नका. साखळी फळ्यावर मुलांनाच काढू द्या, मग मधला बर्फ पुसा आणि कोण कोण उपाशी राहिलं ते विचारा.

अस्वलाला पोहता येतं, मग बिघडलं कुठे, असं एखादं पोर विचारतंच. पण उघड्या पाण्यात सील त्याच्या हाती लागत नाही. सील श्वासासाठी बर्फातल्या भोकाशी येतो, तिथे ते दबा धरून बसतं. कॅनडाच्या हडसन उपसागरात आता बर्फ लवकर फुटतो आणि उशिरा धरतो. मधले महिने अस्वलं किनाऱ्यावर, अंगच्या चरबीवर काढतात.

आकडे फार देऊ नका, भारताचा नकाशा पुरे. 1980 च्या दशकात सप्टेंबरमध्ये आर्क्टिकवर साधारण 70 लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा, म्हणजे दोन भारत. 2012 च्या सप्टेंबरात सुमारे 34 लाख उरला, म्हणजे जेमतेम एक.

राणीच्या बागेत नेणार असाल तर हे सगळं झाल्यावर न्या. तिथले हंबोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना बर्फ लागतच नाही, आणि काचेपुढे उभं राहून हे सांगितलेलं चांगलं लक्षात राहतं. बर्फ लागतो एम्परर पेंग्विनला. तो किनाऱ्याला चिकटलेल्या सागरी बर्फावर अंडी घालतो, आणि पिल्लांना पाणी न शिरणारी पिसं येईपर्यंत तो बर्फ टिकावा लागतो. 2022 च्या अखेरीस अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात तो आधीच फुटला. तिथल्या पाहणीतल्या पाचपैकी चार वसाहतींमधलं एकही पिल्लू वाचलं नसावं, असं उपग्रहचित्रं पाहणाऱ्या शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे.

बाग बुधवारी बंद असते, तेवढं बघून निघा.