प्रमाण विचलन वहीत १.४१, एक्सेलमध्ये १.२९: घोळ कुठं होता

प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत, याचं माप. लातूरकडच्या सोयाबीनच्या पाच प्लॉटांचा एकरी उतारा, क्विंटलमध्ये: ६, ८, ७, १०, ९. सरासरी ८. फरक −२, ०, −१, २, १. यांची बेरीज शून्यच येते, म्हणून वर्ग करायचे: ४, ०, १, ४, १, एकूण १०. वहीत १० ला ५ नं भागलं, वर्गमूळ १.४१.

एक्सेलमध्ये दोन गोष्टी नडल्या. एका खान्यात '१० क्विं.' टाइप झालं होतं. एकक जोडलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि सूत्र त्याला गुपचूप सोडून देतं. एररसुद्धा येत नाही! आकडे मोजणारं काउंट सूत्र लावल्यावर ५ ऐवजी ४ दिसले; १.२९ त्या चारांचंच होतं. एकक काढून शीर्षकात टाकलं, तर उत्तर आलं १.५८.

उरलेला फरक भाजकाचा. एक्सेलमध्ये प्रमाण विचलनाची दोन सूत्रं आहेत: इथं लावलेलं एसटीडीईव्ही.एस (नमुन्यासाठी) ४ नं भागतं, एसटीडीईव्ही.पी (पूर्ण समूहासाठी) ५ नं. हे पाच प्लॉट अख्ख्या शिवाराचा नमुना आहेत. फरक नमुन्याच्याच सरासरीपासून मोजले, की वर्गांची बेरीज थोडी कमीच भरते, म्हणून एक वजा करून भागायचं. इथं १.५८ च बरोबर. पाचच प्लॉटांपुरतं बोलायचं असेल, तर १.४१.

कापसाच्या उताऱ्यातल्या चढउताराशी तुलना करायची असेल, तर १.५८ ला सरासरीनं, म्हणजे ८ नं भागून टक्के काढा: १९.८.