पवनचक्की शोधायची तर जुना नकाशा उघडा
पूर्व कोलोरॅडोच्या कोरड्या माळावर, गुरांच्या कुरणांतून हिंडायचं असेल तर यूएसजीएस या अमेरिकेच्या सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा १:२४,००० प्रमाणाचा जुना नकाशाही सोबत ठेवा. २००९ पासूनच्या नव्या मालिकेत पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या सहसा नसतात. जुन्यात असतात, आणि त्या सपाटीवर दुरून दिसणारी खूण तीच. संस्थेच्या टॉपोव्ह्यू या संकेतस्थळावर हे नकाशे फुकट मिळतात. तुटक निळी रेघ म्हणजे ओढा खरा, पण बहुतेक वेळ कोरडाठाक, तेव्हा पाणी घरूनच न्या. जमीनमोजणीच्या तांबड्या रेघांचे चौकोन साधारण मैलभर बाजूचे, म्हणजे ६४० एकरांचे. अंतर नजरेनंच मोजता येतं. नकाशाचं साल मात्र बघा, चक्की केव्हाच मोडून पडली असेल! कुरण खासगी असेल तर आधी मालकाला विचारा आणि फाटक जसं होतं तसंच ठेवा.