लिनक्स कर्नलची केकॉन्फिग यंत्रणा आपल्या प्रकल्पात कशी वापरावी

ज्यांनी लिनक्स कर्नल स्वतः बिल्ड केला आहे, त्यांना ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ दिल्यावर उघडणारा पर्यायांचा निळा मेनू परिचित असतो. त्यामागची, पर्याय आणि त्यांचे परस्परावलंबन लिहिण्याची केकॉन्फिग ही भाषा रोमन झिपेल यांनी तयार केली आणि 2002 मध्ये, 2.5 मालिकेच्या काळात, ती कर्नलमध्ये आली. पुढे बिझीबॉक्स, बिल्डरूट, यू-बूट, कोअरबूट, झेफिर अशा अनेक प्रकल्पांनी तिचा स्वीकार केला. सी भाषेतील ज्या प्रकल्पात ‘हे हवे, ते नको’ असे वीस-पंचवीस पर्याय जमले आहेत आणि त्यातले काही एकमेकांवर अवलंबून आहेत, त्याने ही यंत्रणा घ्यावी. चार-पाच पर्यायांसाठी मात्र हा खटाटोप करू नये.

पहिला निर्णय असतो तो कोणती अंमलबजावणी घ्यायची याचा. कर्नलच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधील ‘केकॉन्फिग’ हे उपफोल्डर उचलून आणता येते, पण त्याची मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) कर्नलच्या बिल्ड यंत्रणेशी बांधलेली असल्यामुळे ती आपल्याला नव्याने लिहावी लागते. शिवाय कर्नल पुढे सरकत राहतो, त्यामुळे आपण केलेले बदल वेगळ्या पॅचच्या रूपात जपणे भाग पडते. बिल्डरूट नेमके हेच करते. परवाना जीपीएल आवृत्ती 2 चा आहे. हे साधन बिल्डच्या वेळी स्वतंत्रपणे चालते, आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडले जात नाही. तरी त्याचा सोर्स आपल्या रिपॉझिटरीत ठेवून वितरित करताना परवान्याच्या अटी पाळाव्याच लागतात. दुसरा मार्ग पायथनमधील केकॉन्फिगलिब या लायब्ररीचा. तिचा आयएससी परवाना बराच सैल आहे, ती पिप या पायथनच्या पॅकेज साधनाने बसते आणि विंडोजवरही चालते. नवा प्रकल्प सुरू करणाऱ्याने माझ्या मते हाच मार्ग धरावा.

समजा, तापमानाची नोंद ठेवणाऱ्या एका छोट्या उपकरणाचे फर्मवेअर आपल्यापुढे आहे. प्रकल्पाच्या मुळाशी ‘केकॉन्फिग’ नावाची फाइल तयार करावी. तिच्यात ‘कॉन्फिग’ या शब्दापुढे ‘नेटवर्क’ हे नाव लिहावे, खालच्या ओळीवर टॅब सोडून ‘बूल’ हा (हो किंवा नाही असा) प्रकार आणि अवतरणचिन्हांत मेनूत दिसणारा मजकूर द्यावा. मग ‘एमक्यूटीटी’ (नेटवर्कवरून संदेश पाठवण्याचा प्रोटोकॉल) हा दुसरा पर्याय तसाच लिहून त्याखाली ‘डिपेंड्स ऑन नेटवर्क’ ही ओळ घालावी. (आज्ञा आणि नावे इथे देवनागरीत दिली आहेत, फाइलमध्ये व टर्मिनलवर ती रोमन लिपीतच लिहावीत.) आता ‘मेन्यूकॉन्फिग’ चालवले की नेटवर्क निवडल्याशिवाय एमक्यूटीटीचा पर्याय निवडताच येत नाही. निवड ‘डॉट कॉन्फिग’ या फाइलमध्ये साठते आणि ‘जेनकॉन्फिग’ ही आज्ञा त्यातून सी भाषेची हेडर फाइल बनवते.

‘डॉट कॉन्फिग’मधील ओळी नाव, बरोबर चिन्ह आणि किंमत अशा साध्या असल्याने मेकफाइल ती फाइल थेट समाविष्ट करू शकते. इथे एक खाच आहे. मजकूर प्रकारच्या किमती अवतरणचिन्हांसह लिहिलेल्या असतात आणि मेक ती चिन्हे काढून टाकत नाही, त्यामुळे फाइलच्या मार्गासारखी किंमत मेकच्या फंक्शनमध्ये वापरली की मार्ग सापडत नाही. वापरण्याआधी ती चिन्हे काढणारे छोटे फंक्शन मेकफाइलमध्ये ठेवावे.

सर्वाधिक गोंधळ ‘सिलेक्ट’मुळे होतो. क्लाउडचा पर्याय निवडला की एमक्यूटीटी आपोआप चालू व्हावे म्हणून लोक ‘सिलेक्ट एमक्यूटीटी’ लिहितात, परंतु ‘सिलेक्ट’ हे निवडलेल्या पर्यायाच्या अटी पाहत नाही. नेटवर्क बंद असतानाही एमक्यूटीटी चालू होते आणि बिल्ड मोडते. साधन इशारा देते खरे, पण शेकडो ओळींच्या आउटपुटमध्ये तो वाचतो कोण? म्हणून ज्यांना मेनूत मजकूर नाही आणि ज्यांच्यावर कोणतीही अट नाही, अशाच अंतर्गत पर्यायांपुरते ‘सिलेक्ट’ राखून ठेवावे आणि बाकी सर्वत्र ‘डिपेंड्स ऑन’ वापरावे. झेफिरने असे इशारे थेट चुका मानून बिल्ड थांबवण्याची पद्धत ठेवली आहे. ती अनुकरणीय आहे.

गिटमध्ये संपूर्ण ‘डॉट कॉन्फिग’ ठेवू नये. ‘सेव्हडेफकॉन्फिग’ ही आज्ञा डिफॉल्टपेक्षा वेगळ्या असलेल्या निवडीच लिहून देते. ती छोटी फाइल कमिट करावी. नवे पर्याय आल्यावर ‘ओल्डडेफकॉन्फिग’ उरलेल्या किमती डिफॉल्टने भरते.

हेडरमध्ये बंद पर्यायाची व्याख्याच नसते, त्यामुळे सी कोडमध्ये पर्यायाचे नाव चुकीचे टाइप झाले तरी कंपायलर तो बंद समजून निमूटपणे पुढे जातो. कोडमधील ‘कॉन्फिग’ उपसर्गाची (हेडरमध्ये प्रत्येक पर्यायाच्या नावाआधी हा उपसर्ग लागतो) सर्व नावे गोळा करून ती केकॉन्फिग फाइलींत आहेत का, हे पाहणारी एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक बिल्डआधी चालवावी. कर्नलच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्येही याच कामाची पायथन स्क्रिप्ट आहे.